केवळअक्का आणि गवताच्या मशीनचा पट्टा

केवळअक्का कोणत्याही गोष्टीवर आधी तळहात ठेवत असे. गिरणीच्या मोटरवर, दळायला आलेल्या डब्यातल्या गव्हावर, दारात उभ्या असलेल्या चालू मोटारसायकलच्या टाकीवर, शेजारणीच्या रडणाऱ्या बाळाच्या पाठीवर. हात ठेवायचा, मान जरा तिरकी करायची आणि मग काय ते बोलायचं. पस्तीस वर्षं गिरणीच्या घरघरीत काढल्यामुळे तिला कमी ऐकू येई. हे ती कबूल करत नसे. तिच्या मते एरंडोलचे लोक दिवसेंदिवस हळू बोलू लागले होते.

तिची गिरणी आमच्या कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर होती. मी कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे. नाव मोठं आहे. काम शिट्टी वाजवायचं आणि मैदान सांभाळायचं. घरचं दळण मागच्या फाटकाने नेणं सोयीचं, म्हणून आठवड्यातून एकदा तरी अक्काची गाठ पडे. समोरासमोर मी तिला अहो-जाहो करत असे. लिहिताना ते जमत नाही.

तिच्या बोलण्यात ‘ळ’ नव्हता. दळण तिच्याकडे ‘दयन’ होई आणि डोळा ‘डोया’. कोणाच्या घरी कोणतं पीठ किती बारीक लागतं, हे तिच्या बोटांत होतं. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद घेऊन एखादी नवी सून आली, की अक्का डब्यात हात घाले आणि तिथल्या तिथे सांगे, “उडीद कमी पडना. तुन्ही सासूले आवडाव नही.” सून घरी जाऊन मूठभर उडीद घेऊन येई. सासूने कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

गिरणी मुळात तिच्या यजमानांची, निंबाभाऊंची. लग्नानंतर चौथ्या वर्षी चालू मोटरचा पट्टा बसवताना त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. त्यानंतर ते आयुष्यभर गिरणीच्या बाहेर खाटेवर बसले आणि आत पाय ठेवला नाही. अक्का हे सांगताना आवाज चढवत नसे, उतरवतही नसे. “बोटं त्यासनी गयी, गिरणी माले लागनी,” एवढंच. मशीनला हात लावण्याआधी ती मेन स्विचचा फ्यूज काढून कमरेला खोची आणि काम संपेपर्यंत तो कोणाच्या हाती देत नसे. एकदा वीज मंडळाचा माणूस तपासणीला आला, तेव्हा त्यालाही दिला नाही.

मशीनची गोष्ट सांगायची तर मैदानापासून सुरुवात करावी लागेल. आमचं मैदान आठ महिने तपकिरी आणि चार महिने हिरवं असतं. त्या चार महिन्यांत गवत गुडघ्यापर्यंत येतं, आणि नेमक्या तेव्हाच आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलच्या स्पर्धा असतात. पूर्वी विळे घेऊन बायका येत. मग परदेशात स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याला कॉलेजचे ऋण आठवले आणि त्याने बसून चालवायचं गवत कापण्याचं यंत्र भेट म्हणून पाठवलं. लाकडी खोक्यातून आलं. स्टिअरिंग, गादीची सीट, पुढे इंजिन आणि पोटाखाली लोखंडी झाकणात फिरणारी दोन पाती. इंजिनाची ताकद पात्यांपर्यंत एक रबरी पट्टा नेत असे. प्राचार्यांनी नारळ फोडला, स्टिअरिंगला हार घातला, सीटवर बसून फोटो काढून घेतला आणि उतरताना विचारलं, “आता हे चालवणार कोण?”

चालवणार भिला. भिला आमचा मैदानावरचा माणूस, चाळिशीचा, अकरा वर्षं रोजंदारीवर. त्याला कायम करण्याची फाईल व्यवस्थापनापुढे होती; ती अकरापैकी सहा वर्षं तिथेच होती. दोन दिवसांत तो मशीन शिकला. त्याला ‘गाडी’ म्हणू लागला. रोज संध्याकाळी स्वतःच्या उपरण्याने पुसून ताडपत्रीखाली ठेवू लागला. मैदान असं दिसू लागलं, की व्हरांड्यातून जाणारे प्राध्यापक थांबून बघत. कॉलेजच्या इतिहासात मैदानाकडे कोणी थांबून बघितल्याचं मला आठवत नाही.

आता माझं. ऑगस्टमधला एक रविवार होता. भिलाची सुट्टी. दुपारी मी एकटाच मैदानावर गेलो, ताडपत्री काढली आणि मशीनवर बसलो. कारण विचाराल तर मला ते चालवून पाहायचं होतं. बावन्न वर्षांच्या माणसाला याहून मोठं कारण लागत नाही. दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीला मी सावलीतल्या कोपऱ्याकडे वळलो, तिथे गवत उंच होतं, आणि मशीन खाडकन थांबलं. गवतात व्हॉलीबॉलच्या जुन्या लोखंडी खांबाचा बुंधा होता, जमिनीवर चार बोटं. कोणाला ठेच लागू नये म्हणून तो लाल-पांढरा रंगवून घेतला होता. मीच रंगवून घेतला होता.

उतरून बघितलं. पात्यांवरच्या झाकणाची एक कड आत गेली होती. फार नाही. मशीन पुन्हा सुरू झालं, पाती फिरली. मी आजूबाजूला पाहिलं, ओल्या मातीचा गोळा घेतला, त्या कडेवर चोळला, मशीन जागेवर नेलं आणि ताडपत्री घातली. सोमवारी सकाळी भिला म्हणाला, “सर, गाडीवर चिखल व्हता.” मी म्हणालो, “पावसाचे दिवस आहेत.”

पुढच्या आठवड्यात पाऊस लागला, गवत ओलं आणि दाट झालं, आणि पट्टा घसरू लागला. कोरड्या जागी मशीन नीट चाले. दाट गवतात शिरलं, की इंजिन ओरडे, पाती मंदावत, आणि मागे गवताचे उभे पट्टे राहत. मैदान वस्तऱ्याने अर्धवट भादरलेल्या डोक्यासारखं दिसू लागलं. दोन-तीन दिवसांत रबर जळाल्याचा वास येऊ लागला, आणि पट्टा तुटला. जळगावहून दुसरा आणला. तो नऊ दिवस टिकला. तिसरा पाच.

कॉलेजात विद्वान माणसांची कमतरता नाही. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी घर्षणावर फळ्यासमोर वीस मिनिटं सांगितलं आणि पट्ट्याला राळ लावायला सुचवलं. राळ लावली, पट्टा चिकटला, मग त्याला गवत चिकटलं, मग तो जास्तच घसरला. इंग्रजीच्या मॅडमनी यंत्राबरोबर आलेली पुस्तिका वाचली. पट्टा घसरत असल्यास जवळच्या विक्रेत्याशी संपर्क साधा, असं तीत होतं. जवळचा विक्रेता समुद्रापलीकडे होता. शेवटी प्राचार्यांनी जे करायचं ते केलं. त्रिसदस्यीय चौकशी समिती नेमली. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, ग्रंथपाल आणि अध्यक्ष म्हणून मी.

समितीच्या दोन बैठका झाल्या. पहिलीत चहा झाला. दुसरीत प्राध्यापक म्हणाले, “यंत्र एकच माणूस चालवतो. तीन पट्टे एकाच माणसाच्या हातून जळतात. निष्कर्ष उघड आहे.” ग्रंथपालांनी मान डोलावली. ‘हाताळणीतील निष्काळजीपणा’ असे शब्द ठरले. भिलाला आठ दिवसांत लेखी खुलासा द्यायला सांगायचं, आणि खुलासा समाधानकारक नसल्यास कामावरून कमी करायचं. कागद माझ्यासमोर आला. मी सही केली. सही करताना पेन नीट चालत नव्हतं, म्हणून ग्रंथपालांचं घेतलं, हेही आठवतं.

भिला नोटीस घेऊन माझ्याकडे आला. त्याने ती माझ्याकडून वाचून घेतली, घडी केली, खिशात ठेवली. मग म्हणाला, “सर, अक्काले दखाडूत का मशीन? तिना बठ्ठा जनम पट्टामाच गया.”

नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. प्राचार्यांनी परवानगी दिली; फक्त ‘गिरणीवाल्या बाईंना बोलावलं’ असं कुठे लिहू नका म्हणाले.

ती शनिवारी दुपारी आली. नऊवारी लुगडं, भुवयांवर पीठ, हातात पिशवी. पिशवीत नट-बोल्टचे दोन पाने, सुती दोऱ्याचं रीळ आणि वर्तमानपत्राच्या पुडीत मूठभर पीठ. मशीनभोवती भिला, मी आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. तिने आल्याआल्या विचारलं, “याना फ्यूज कठे शे?”

याला फ्यूज नसतो, प्राध्यापकांनी समजावलं. मग हे सुरू कशाने होतं, तिने विचारलं. इंजिनातल्या ठिणगीने, भिलाने सांगितलं, आणि प्लगची वायर दाखवली. अक्काने ती वायर उपटून बाजूला केली, तिच्यावर फडकं बांधलं आणि मगच खाली बसली. वायर सुटी दिसत होती तरी दर थोड्या वेळाने तिकडे नजर टाकत होती.

आधी तिने जळालेले तिन्ही पट्टे मागवले आणि मांडीवर घेतले. काठावरून अंगठा फिरवला. एक बाजू काचेसारखी गुळगुळीत, दुसरी बाजू खरखरीत, नव्यासारखी. तिने ते प्राध्यापकांकडे दिले. “हात फिरायी दखा.” त्यांनी फिरवला. “काय?” ते म्हणाले. “एकच कूस घासायनी,” अक्का म्हणाली. “पट्टा सरय धावता तं दोन्ही घासायत्या.”

मग तिने चौथा, नवा पट्टा चढवायला सांगितला. पुडीतलं पीठ चिमटीने पुलीच्या खाचेत भुरभुरवलं आणि भिलाला हाताने, अगदी हळू, पुली फिरवायला लावली. एक फेरा. थांब. आम्ही तिघेही वाकलो. मोठ्या पुलीवर पीठ दोन्ही बाजूंनी पुसलं गेलं होतं. दोन्ही पात्यांच्या पुल्यांवरही तसंच. पट्टा ताणून धरणारी जी एक छोटी पुली असते, तिच्यावर मात्र एका बाजूचं पीठ गेलं होतं आणि दुसऱ्या बाजूचं जसंच्या तसं होतं. अक्काने दोरा काढला, एक टोक भिलाच्या हाती दिलं आणि तो पुल्यांच्या तोंडांवरून ताणला. बाकीच्या पुल्या दोऱ्याला टेकल्या. छोटी पुली एका काठाने टेकली आणि दुसऱ्या काठाने बोटभर लांब राहिली.

“पट्टी वाकेल शे,” ती म्हणाली. ती पुली ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेली होती ती पट्टी झाकणाच्या कडेला जोडलेली होती. “म्हनीसन पट्टा तिरपा धावस, ताण बसत नही, गवत आडवं उनं का सरकस. पट्टाले काय करानं? पट्टा गरीब शे, सर. चूक कोनी बी करो, जयस तोच.”

हे वाक्य तिने माझ्याकडे बघून म्हटलं नाही. ती कडेखाली हात घालून चाचपत होती. वाळलेल्या मातीचा पोपडा निघाला. तिने नखाने खरवडलं, नख उजेडात धरलं. नखात लाल रंग होता, थोडा पांढरा.

“हे कशाला तरी आपटलंय,” प्राध्यापक म्हणाले. त्यांनी मैदानावर नजर फिरवली आणि ते पदार्थविज्ञानाचेच असल्यामुळे त्यांना कोपऱ्यातला, आता गवत कापून उघडा पडलेला बुंधा लगेच दिसला. “त्या खांबाला! तोच रंग आहे. म्हणजे कोणी आपटलं ते उघड आहे. भिलाच चालवतो.”

भिलाने जळालेले पट्टे गोळा केले. मी त्याला मदत केली. अक्काने नख पदराला पुसलं.

“रंग सांगस मशीन कशाले लागनी,” ती म्हणाली. “वर कोन बठेल व्हतं, ते रंग सांगस नही.”

पट्टी सोडवून ती गिरणीत घेऊन गेली. तासाभराने आणली ती सरळ करून. भिलाने बसवली. पुन्हा दोरा, पुन्हा पीठ. या वेळी पीठ दोन्ही बाजूंनी सारखं पुसलं गेलं. वायर जोडली, भिला सीटवर बसला, इंजिन सुरू झालं. अक्काने इंजिनाच्या पत्र्यावर तळहात ठेवला, मान तिरकी केली. “चालाड,” ती म्हणाली. मशीन सगळ्यात दाट गवतात शिरलं आणि मागे सपाट हिरवी वाट सोडत निघून गेलं. प्राध्यापकांनी टाळी वाजवली. अक्का पुडी गुंडाळत होती. उरलेलं पीठ तिने परत नेलं.

मला वाटलं, संपलं. मशीन नीट झालं, आता कोण कशाला विचारतंय. पण प्राध्यापक समितीचे सदस्य होते आणि त्यांनी सदस्यत्व मनावर घेतलं होतं. संध्याकाळी त्यांनी पुरवणी अहवाल लिहून आणला. पट्टे आपोआप जळाले नसून यंत्र खांबाला धडकवण्यात आलं आहे, ही बाब संबंधित कर्मचाऱ्याने लपवली, सबब निष्काळजीपणासोबत लपवाछपवीही सिद्ध होते, असं त्यात होतं. अक्काने भिलासाठी मशीन नीट केलं होतं. त्यामुळे भिलाचं प्रकरण आणखी पक्कं झालं. गुरुवारपर्यंत अध्यक्षांची सही हवी होती.

सोमवारी बायकोने गव्हाचा डबा हातात दिला. गिरणीवर गेलो. अक्का उंबऱ्यावर बसली होती, भिंतीला डब्यांची रांग. मी डबा पुढे केला. तिने एकदा माझ्याकडे, एकदा डब्याकडे पाहिलं. “आज नही,” ती म्हणाली. मंगळवारी गेलो. “आजबी नही.” रांगेत डबे होते, अक्का होती, मी होतो. मी कारण विचारलं नाही. मला कारण ठाऊक होतं. घरी सांगितलं, गर्दी आहे. आम्ही दोन दिवस भात खाल्ला. बुधवारी सकाळी पुन्हा गेलो तेव्हा तिने नुसता हात हलवला, बोललीही नाही. तिथून डबा घेऊन मी घरी गेलो नाही; तसाच प्राचार्यांच्या खोलीत गेलो आणि डबा खुर्चीशेजारी ठेवला.

“सर, ते मशीन मी आपटलं,” मी म्हणालो.

प्राचार्यांनी चष्मा काढला. “देसले, समितीचे अध्यक्ष तुम्ही आहात.”

“हो.”

“अहवालावर सही तुमची आहे.”

“हो.”

“मग हे तुम्ही समितीला का सांगितलं नाही?”

“समितीने विचारलं नाही.”

त्यांनी डब्याकडे पाहिलं. त्यात काय आहे, असं विचारलं. गहू, मी म्हणालो. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की अहवाल वर गेलेला आहे, आता तो फिरवला तर कॉलेजचीच शोभा होईल, भिलाला आपण तोंडी ताकीद देऊ, तुम्ही हे बोललात असं मी समजत नाही. मी म्हणालो, “लेखी देतो.” ते म्हणाले, “देऊ नका.” मी दिलं. त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनाने, त्यांच्यासमोर. तारीख, वार, कोपरा, खांब, चिखल. चिखलाचं वाक्य लिहिताना हात थांबला. ते लिहिलं नसतं तरी चाललं असतं, असं अजूनही कधी कधी वाटतं.

मग मला नोटीस आली. खुलासा समितीच्या अध्यक्षांकडे सादर करावा, असं त्यात छापील होतं. मी तो स्वतःकडे सादर करू शकत नसल्यामुळे समिती बरखास्त झाली. माझ्या सेवापुस्तकात लाल शाईने दोन ओळी आल्या आणि मशीनला हात लावायला मला कायमची मनाई झाली. ती अजून उठलेली नाही. भिलाची नोटीस मागे घेतली. पुढच्या जूनमध्ये तो कायम झाला. त्याचा माझ्या लेखी कबुलीशी काही संबंध होता का, सांगता येत नाही. सहा वर्षं बसलेली फाईल सातव्या वर्षी स्वतःहूनही उठू शकते.

त्या बुधवारी दुपारी मी चौथ्यांदा गिरणीवर गेलो. गिरणी धडधडत होती. अक्काने डबा घेतला, गव्हावर हात ठेवला आणि विचारलं, “बारीक का जाडं?”

मी म्हणालो, “अक्का, मी सांगितलं साहेबांना. लेखी दिलं.”

“काय?” ती म्हणाली. मी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. रांगेतल्या दोन बायकांनीही ऐकलं.

“बरं करं,” अक्का म्हणाली.

“म्हणून आता दळून देताय ना?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मागे हात केला. “मोटर जयेल व्हती, सर. जयगावले भरीसन आनी, आते घडीभर पहिले बसाडी. तुमना गहूशी मना काय वाकडं शे?”

मी मागे पाहिलं. मोटर दुरुस्त होऊन आली होती, तिच्यावर नवा रंग होता. तीन दिवस गिरणीतून आवाज येत नव्हता, आणि गिरणीसमोर तीन दिवस उभं राहून ते मला कळलं नव्हतं. रांगेतल्या बायका हसल्या. अक्का हसली नाही. तिने पीठ दिलं, डब्याच्या बाहेर सांडलेलं हाताने झटकलं, आणि पुढचा डबा ओढला.

त्यानंतर सात वर्षं ती त्या मशीनची वैद्य होती. दर पावसाळ्याच्या आधी भिला तिला बोलवी. ती यायची, प्लगची वायर काढायची, पट्टा ताणणाऱ्या स्प्रिंगला बोटाने टिचकी मारायची, झाकणाखालचं वाळलेलं गवत काढायला लावायची. “पोटमा कचरा भरी ठेवशात तं पट्टा काय करी?” म्हणायची. कॉलेजने तिला काय द्यावं, यावर प्राचार्यांनी एकदा विचार केला. पंधरा ऑगस्टला नारळ-शाल द्यायचं ठरलं. ती आली नाही. झेंडावंदनाच्या दिवशी लोक घरी असतात आणि दळण जास्त येतं, असं तिने कळवलं. शाल भिलाने पोचवली. ती तिने मोटरवर पांघरली. धूळ बसत नाही, म्हणाली, आणि ऊनही लागत नाही.

आमच्यात त्या प्रकरणाविषयी पुन्हा बोलणं झालं नाही. एकदाच मी विषय काढला होता. म्हटलं, “अक्का, त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं का?” ती गिरणीच्या दगडाला छिन्नीने टाकी लावत होती. ठक ठक ठक. “तुम्ही हयू बोलतस, सर,” ती म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर मुलगी तिला धुळ्याला घेऊन गेली. गिरणी विकली, तिथे आता मोबाईलची दुकानं आहेत. मी दोनदा भेटायला गेलो. तिसऱ्या मजल्यावरचं घर, बाल्कनीत तुळस. तिथलं पिशवीतलं पीठ तिला पटत नव्हतं. पिशवी उघडायची, चिमटीत घ्यायची आणि मुलीला विचारायची, “हाई कोनी दयं?” मुलगी म्हणायची, “आई, मशीनने दळलंय.” “मशीनमांगे कोन व्हतं?” मुलगी पिशवी आत नेऊन ठेवायची. दुसऱ्या भेटीत तिने मला ओळखलं, भिलाची मुलं कितवीत आहेत ते विचारलं, आणि बोलता बोलता तिला डुलकी लागली. मी थोडा वेळ बसलो आणि उठलो. जानेवारीत ती गेली.

गंधमुक्तीला, उत्तरकार्याच्या जेवणाला, मी आणि भिला धुळ्याला गेलो. जेवण झालं, मुलीने दोघांना नमस्कार केला, आम्ही दुपारच्या बसने परत निघालो. पारोळा मागे पडलं. भिला खिडकीशी होता. कायम झाल्यापासून तो जरा जाड झाला आहे, त्यामुळे मी सीटच्या काठावर. बराच वेळ आम्ही दोघेही कपाशीच्या वाळलेल्या पळाट्या बघत होतो.

“सर,” तो एकाएकी म्हणाला, “त्या रविवारले मी मैदाननी पाणीनी टाकीवर व्हतू. पाणी सोडेल व्हतं, कॉक बंद कराले उनथू. मी दखं.”

मी त्याच्याकडे वळलो. म्हणालो, “मग तू सांगितलं का नाहीस?”

“कोनले सांगू? चौकशी तं तुम्हीच करी राहिना व्हतात.”

बस एका थांब्यावर थांबली, एक म्हातारा चढला, बस निघाली.

“अक्काले सांगं मी,” भिला म्हणाला. “नोटीस उनी त्याच दिन. मी म्हनं, तू चाल, प्राचार्यसमोर बोल, तुनं आयकतीन. ती म्हने, मी मशीन नीट करी देसु. बाकीनं सर करतीन.”

म्हणजे पीठ भुरभुरवण्याच्या आधीपासून तिला माहीत होतं. ती माझ्यासमोर तासभर वाकून बसली होती, दोरा ताणत होती, रंग खरवडत होती, आणि तिला माहीत होतं.

“आणि मी सांगितलं नसतं तर?”

“मीबी तेच इचारं. चिडनू मी. म्हनं, मना पोटवर पाय पडी राहिना, आनि तू म्हनस सर करतीन? कशावरथीन?”

“मग?”

भिलाने खिडकीची काच थोडी ओढून घेतली. वारा कमी झाला. “अक्का म्हने, त्यासना घरना डबा आठ दिनमा येस. गया महिनामा पंधरा दिनमा उना. तो मानूस जेवी नही राहिना. तो सांगी.”

त्या महिन्यात मी जेवत नव्हतो, हे मला स्वतःला आठवत नव्हतं. बायकोने तेव्हा विचारलं होतं, वजन कमी करताय का, म्हणून. आणि मी हो म्हणालो होतो. क्रीडा शिक्षकाला ते शोभूनही दिसलं होतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्याविषयी वरिष्ठांनी दरवर्षी गोपनीय अहवाल लिहिले. पंधरा दिवसांच्या एका डब्यावरून इतक्या खात्रीने कोणी काही लिहिलं नाही. माझीही तेवढी खात्री नव्हती. बुधवारी सकाळपर्यंत नव्हती.

एरंडोल आलं. भिला आधी उतरला आणि मला उतरायला हात दिला. मैदानावर पाणी सोडायचं आहे म्हणाला, आणि कॉलेजच्या रस्त्याला लागला. मी थोडा वेळ स्टँडवर उभा राहिलो. मग मीही त्याच्या मागोमाग निघालो.